माझी सभ्य कॉमेंट

आमच्या लोकांत हजेरीला फार मान. कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात येऊन राहिलेली आमची मराठी घरं आनेकलपासून शहरापर्यंत विखुरलेली आहेत, पण मयताला कोण आलं आणि बारशाला कोण आलं नाही, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. आता ही हजेरी मोबाइलवर घेतात. समाजातल्या कुणाचा व्हिडिओ आला की ग्रुपवर लिंक पडते आणि घरातल्या प्रत्येकाने त्याखाली दोन ओळी लिहायच्या असतात.

गेल्या वर्षी आमच्यातल्याच एका तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाचा व्हिडिओ आला. आमच्या घरगुती, कन्नड मिसळलेल्या मराठीत तो सांगत होता, की त्याचं एका मुलावर प्रेम आहे आणि ते दोघं एकत्र राहतात. जेमतेम चार मिनिटं. आवाज कापत होता, तरी गडी शेवटपर्यंत बोलला.

खाली हजेरी लागायला लागली. बायल्या, छक्का, घराण्याला काळिमा, जन्मतानाच का नाही मेलास. लिहिणारे कोण, तर माझ्या मुंजीत जरीचे फेटे बांधून मिरवलेले. आणि आपापसांत काय ती अदब! छक्का म्हणणाऱ्याला खाली उत्तर, 'अगदी बरोबर बोललात अण्णा', वर जोडलेले हात. मला संताप आला होता. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्यात तो कुठेच दिसत नाही.

मीही त्या मुलासारखाच. कोरमंगलात ज्याच्याबरोबर सात वर्षं राहतो, तो घरच्यांच्या लेखी माझा रूममेट. सणाला आई त्याच्यासाठीही डबा पाठवते. ती डब्याची वाट बंद होऊ नये, एवढ्यासाठी मी सात वर्षं खोटं बोलत आलोय.

तिसऱ्या दिवशी दुपारी, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात जेवायला बसलो असताना अक्काचा फोन आला. आमची ही मोठी बहीण आवाज चढवत नाही, तिला गरजच पडत नाही. घरातल्या सगळ्यांनी लिहिलंय म्हणाली, वहिनीनेसुद्धा.

"तुझंच नाव दिसेना रे. एवढं वय झालं, लग्न नाही, आणि इथं पण गप्प. लोक काय समजतील? स्वल्प दोन ओळी टाक की."

"सरी अक्का," म्हणून होकार दिला आणि लिहिलं: 'प्रत्येकाचं आयुष्य वेगळं असतं, पण आपल्या संस्कारांत हे बसत नाही. देव सद्बुद्धी देवो.' शिवी नाही, अपशब्द नाही. सापही मेला आणि काठीही मोडली नाही, अशा समाधानात ताटातला भात संपवला. घरी आल्यावर माझ्या त्या 'रूममेट'ला काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी कॉफी पिताना तो त्याच कॉमेंटी मोठ्याने वाचत होता. प्रत्येक शिवीला हसत होता, त्याची ती जुनी सवय. मग वाचता वाचता माझ्या नावापाशी थांबला. मी अक्काचा फोन, घरचे लोक, सगळं भराभरा सांगून टाकलं. तो निपाणीचा, चिडला की अगदी हळू बोलतो.

"बाकीच्यांनी मनापासनं शिव्या तरी दिल्या. तू ते बी केलं नाहीस."

आणि फोन माझ्यापुढे सरकवून आत निघून गेला. माझ्या दोन ओळींखाली त्या मुलाचं उत्तर होतं. एवढ्या लोकांत त्याने उत्तर दिलं होतं ते फक्त मला.

'थँक्स अण्णा. तुम्ही एकट्यानेच माणसासारखं लिहिलंत. बरं वाटलं.'

कॉमेंट काढायला दोन सेकंद लागतात. पण काढली की अक्का विचारणार, का काढलीस. म्हणून ती अजून तिथेच आहे, आणि तिच्याखाली त्याचं थँक्सही.