कागदाचा नवरीवेश

मलेशियातल्या पेनांगमध्ये एका चिनी देवळामागच्या गल्लीत खिमच्या वडिलांचं दुकान होतं. मयतासोबत जाळायचे कागदी कपडे, घोडे, बंगले ते बनवत. खिमचं सगळं आयुष्य बांबूच्या काड्या आणि खळीत गेलं. पण हातून घडलेली प्रत्येक वस्तू आगीतच जायची, ही रुखरुख तिला स्वस्थ बसू देईना. चाळिशी उलटल्यावर तिने ठरवलं, एकदा तरी जिवंत माणसाच्या अंगावर कागद चढवायचा.

आजीच्या लग्नाच्या फोटोवरून तिने जुन्या पद्धतीचा नवरीवेश घडवला. हजार घड्यांचा लाल झगा, ढगांच्या आकाराची गळपट्टी, डोक्यावर पंख पसरलेल्या फिनिक्स पक्ष्याचा मुकुट. सहा महिने चालला होता हा खटाटोप. जेवता जेवता उठून ती एखादं पीस उपटायची आणि पुन्हा लावायची.

“कोण घालणार हे?” वडील विचारत. “मेलेल्यांनी तक्रार केली होती का तुझ्याकडे?”

“पा, तुम्ही बघूच नका इकडे.”

शहरातल्या कलामेळ्यात हा वेश मंचावर दाखवायचा होता. त्या दिवशी दुपारी बी हून नावाची नर्तकी तो घालायला आली. पाहून हरखली. मग भिंतीवर टांगलेले मयताचे कपडे दिसले नि तिचा चेहराच उतरला.

“ताई, पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. आईला कळलं तर दारात उभी नाही करायची. नको गं.”

ती गेली. खिमने दुकानात दहा येरझाऱ्या घातल्या आणि वेश स्वतःच्याच अंगावर चढवला. सडपातळ पोरीच्या मापाचा तो; पाठीत टर्रकन फाटला.

“हलू नकोस,” वडील खळीचं भांडं घेऊन मागे उभे राहिले. “आणि श्वास बेताने घे. भात जरा कमी खाल्ला असतास तर!”

मंचावर ती चालली तेव्हा घड्या सळसळल्या आणि मैदानातले लोक माना उंचावून बघू लागले. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने उठून, मंचापाशी येऊन गळपट्टीला बोट लावलं. “माझी अशीच होती. रेशमाची.” तिचे डोळे भरून आले होते. टाळ्या कडाडल्या. खिमला मात्र घामाने ओला झालेला मुकुट आणि खाली लोंबू लागलेला उजवा पंखच जाणवत होता.

घरी आल्यावर वडिलांनी मुकुट हातात धरून उलटसुलट पाहिला.

“खळ पातळ झाली.”

“मुळीच नाही! बांबू जाड होता.”

कपडे न बदलताच तिने सुरी घेतली आणि नवी काडी तासायला बसली.