गिलाव्याआडच्या विटा

आजोबांनी बांधलेल्या आमच्या घरावरचा ओल धरून फुगलेला, पिवळा रंगवलेला सिमेंटचा गिलावा आज उतरवला. तो वडिलांनीच हौसेनं चढवला होता. उघड्या विटांचं घर त्यांना गरिबाघरचं वाटायचं. रफीकभाई गवंडी छिन्नीनं हलकेच पोपडे काढत आणि मोकळी झालेली वीट ठोकून आवाज ऐकत. "खणखणीत आहे," ते म्हणत.

एका विटेवर तीन बोटांचे ठसे निघाले, ओल्या मातीत उमटलेले. वडील पुढे झाले. "आईची बोटं असतील. विटा आईवडिलांनीच थापल्या होत्या." त्यांनी ओल्या फडक्यानं ती वीट पुसली. आपण काय झाकतो आणि कशाच्या लाजेनं, याचा मी विचार करत राहिलो.

संध्याकाळी पाहुण्यांनी फोनवर पत्ता विचारला. इतकी वर्षं वडील 'पिवळं घर' सांगायचे. आज म्हणाले, "विटांचं घर विचारा. आमच्या घरच्या विटांचं."