चिमटाबाईंच्या हातची झाडं

नवरा गेल्यावर दोन आठवड्यांनी चिमटाबाई रोपांच्या प्रयोगशाळेत कामावर परतल्या. पांढरा कोट चढवला, केस टोपीत कोंबले, कोपरापर्यंत हात स्पिरिटने पुसले आणि काचेच्या पेटीसमोर आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या. बरणीतून पामतेलाच्या झाडाच्या कोंभांचा पुंजका चिमट्याने उचलायचा, पात्याने त्याचे चार भाग करायचे, चार नव्या बरण्यांत रोवायचे. तीन महिन्यांनी त्या चारांचे सोळा. चोवीस वर्षं हेच. त्यांच्या हातच्या बरणीत बुरशी धरली असं सहसा होत नसे. नव्या मुलींनी थट्टेने ठेवलेलं चिमटाबाई हे नाव आता हजेरीपटावर तेवढं लिहायचं राहिलं होतं.

घरी जाऊ रोज मागे लागायची. "जाऊबाई, एकदा रडून तरी घ्या. मला तुमची काळजी वाटते."

"येईल तेव्हा येईल," म्हणून त्या भाजी चिरायला घ्यायच्या. त्या काही दाबून ठेवत नव्हत्या. दाढ काढताना सुई टोचल्यावर गाल जसा परका वाटतो, तसं त्यांना सगळंच वाटत होतं, इतकंच.

त्याच महिन्यात एका बागेच्या मालकाने फळांची पिशवी आणून प्रयोगशाळेच्या मॅडमपुढे ओतली. सहा वर्षांपूर्वी इथूनच नेलेल्या रोपांना पहिल्यांदा भरभरून घड आले होते. पण प्रत्येक फळाभोवती जाड, शिंगांसारखे फुगवटे, आणि आत तेल जवळजवळ नाहीच.

मॅडमनी नोंदी काढल्या. सगळी झाडं एकाच मूळ तुकड्याची, आणि सगळी एकाच हातची. त्यांनी चिमटाबाईंना बोलावलं.

"हा पुंजका किती वेळा कापला होता?"

"एकवीस वेळा. मागणी होती, म्हणून तुम्हीच थांबू नका म्हणालात."

मॅडमनी नोंदवही मिटली. "हो. मीच म्हणाले होते. तुमच्या हातात खोट नाही."

"मग कशात आहे?"

"जनुकं तशीच आहेत, एक अक्षर बदललेलं नाही. पण पेशीत एक एन्झाइम असतं. ते डीएनएवर ठरावीक जागी मिथाइलची बारीक खूण ठेवतं. पेशी दुभंगली की नव्या धाग्यावरही त्याच जागी पुन्हा ठेवतं. कुठलं जनुक वाचायचं आणि कशाला गप्प ठेवायचं, हे बरंचसं त्या खुणांवर चालतं. या झाडाच्या एका जनुकात मध्येच एक उपरा तुकडा घुसलेला आहे. खूण आहे तोवर तो गप्प असतो. बरणीत पेशी इतक्या वेळा दुभंगल्या की ती खूण काहींत पुसली गेली. मग जनुक अर्धवटच वाचलं जातं, आणि फळ असं येतं."

"रोपात दिसत नाही?"

"काहीच दिसत नाही. फळ धरेपर्यंत नाही."

चिमटाबाईंनी मान हलवली. समजलं होतं. वाईट वाटायला हवं, हेही समजत होतं.

पुढच्या आठवड्यात पानांचे नमुने घ्यायला दोघी बागेत गेल्या. चिमटाबाईंनी आपली झाडं कधी पाहिलीच नव्हती. त्यांच्या हातून ती बोटाएवढी असतानाच जायची. आता त्यांच्या दुप्पट उंच, ओळीने उभी. हिरवीगार, निरोगी. त्यांनी एका खोडाला हात लावला. खरखरीत होतं. दुसरं काही मनात आलं नाही.

मालकाने सावलीत खुर्ची आणून ठेवली. "ही सगळी तुम्ही केलीत?"

"हो."

"दिसायला तर देखणी आहेत हो," तो म्हणाला. पलीकडच्या टोकाला यंत्राने झाडं पाडायला सुरुवात झाली होती. "सहा वर्षं पाणी घातलं."

"चूक झाली," चिमटाबाई म्हणाल्या. मॅडमनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. मग उठून पान वाकवलं, गोल पंचाने चकती कापली, नळीत टाकली, क्रमांक लिहिला. दुपारपर्यंत एकशे साठ झाल्या.

त्या पुंजक्याच्या उरलेल्या बरण्या नष्ट करण्यासाठी त्यांनीच वाफेच्या भांड्यात भरल्या. मुली म्हणाल्या, "आम्ही करतो, मावशी." त्या म्हणाल्या, "तुम्ही फोडाल." चार खेपा लागल्या.

आता आठ वेळांच्या वर कापायचं नाही असा नियम झाला. प्रत्येक रोपाच्या पानाची चकती तपासणीला जाते. पहिल्या दोनशेंत अकरांची खूण पुसलेली निघाली. चिमटाबाईंनी यादी दोनदा वाचली आणि मांडणीवरून त्या अकरा बरण्या उतरवल्या. शेजारच्या बरण्यांहून त्या तसूभरही वेगळ्या नव्हत्या.

घरी त्यांनी जावेला हे सगळं सांगितलं. बऱ्याच दिवसांनी त्या एवढं बोलल्या होत्या.

"मग फेकताना जिवावर आलं असेल," जाऊ म्हणाली.

चिमटाबाईंनी विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या. "हात तेवढे दुखले."

जावेने तेलाची बाटली आणली आणि त्यांच्यासमोर बसून एकेक बोट चोळायला घेतलं. त्यांनी हात काढून घेतला नाही.