न शिकवलेलं उत्तर
स्पिरिटचा वास आला की भोरचा तो दवाखाना आठवतो. वडिलांना विसर पडू लागला होता आणि मला त्यांच्या नावावरची वेल्ह्याची जमीन विकायची होती. त्यांचं डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला हवा होता, म्हणून दोन दिवस मी त्यांच्याकडून वार, महिना, साल घोकून घेतलं. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "आजोबा, हे कोण?" हे मी शिकवलंच नव्हतं. वडील हळूच म्हणाले, "मास्तर हायेत. चुकलं की लई वरडत्यात." डॉक्टरांना ती थट्टा वाटली. ते हसले, मीही हसलो. दाखला मिळाला, जमीन विकली. आता मला एखादं नाव आठवेनासं झालं, की माझा मुलगा माझ्याकडे बारकाईनं बघत राहतो.