डाउनलोडच्या गाडीला हळदकुंकू

माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि चौथी पास की नापास यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. पण जन्मभर ट्रक चालवला, आणि ट्रकवाल्याला जे वाचता यावं लागतं ते मला सगळं वाचता येतं: पाट्या, पावत्या आणि पोलिसाचं तोंड. तेव्हा कॉम्प्युटरचा गेम डिस्कवर घ्यावा की डाउनलोड करावा, या विषयावर मी लिहायला बसलो म्हणून कुणी हसू नये. या विषयापायी मी जेवढं सोसलंय, तेवढं सोलापुरात दुसऱ्या कुणी सोसलं नसेल.

झालं असं, की मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पोरानं गाडीची चावी काढून घेतली. मी म्हटलं, मला लख्ख दिसतंय. तर त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. मी वार-तारीख घडाघडा वाचून दाखवली. कॅलेंडर मागल्या वर्षाचं होतं, यात माझा काय दोष? पण चावी गेली ती गेलीच.

माझ्या जोडीचा ड्रायव्हर सोलापूरजवळच्या होटगीचा. त्याची चावी गुडघ्यांपायी माझ्याआधीच गेली होती. आम्ही दोघांनी एकाच गाडीवर निम्मं आयुष्य काढलं. चादरींच्या गाठी भरायच्या आणि निघायचं. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं मागच्या फळीवर झोपायचं. सीट गार होऊ द्यायची नाही. गाडी दुसऱ्याच्या हातात देताना काच पुसून द्यायची आणि कुठं काय कुरकुरतंय ते सांगून द्यायचं. हे ज्यानं पाळलं नाही त्याच्याबरोबर जोडी जमत नाही.

असे आम्ही दोन बिनचावीचे ड्रायव्हर एकदा नवी पेठेत उगाच हिंडत होतो, तर एका दुकानात चपट्या डब्यावर ट्रकचं चित्र दिसलं. दुकानदार म्हणाला, गेम आहे, कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा. जोडीदारानं डबा हातात घेतला, उलटा केला, हलवून बघितला.

"एवढ्यात ट्रक मावतोय व्हय?"

"काका, ट्रक काय, रस्तेसुद्धा मावलेत."

आम्ही निम्मे-निम्मे पैसे घालून ती डिस्क घेतली. एक आठवडा आमच्याकडं, एक आठवडा होटगीला त्याच्या पोराच्या कॉम्प्युटरवर. तो बसनं यायचा, चहा घ्यायचा, डिस्क घेऊन जायचा. मी डिस्क धोतराच्या सोग्यानं पुसून द्यायचो आणि सांगायचो, "डाव्या वळणावर जरा ओढतीय बरं का." तोही मान हलवायचा. आमची सून एका ऑफिसात कॉम्प्युटरवरच काम करते. तिनं एकदा हे ऐकलं आणि पदर तोंडाला लावून आत पळाली.

आता मुख्य गोष्टीवर येतो. खंडेनवमी आली. खंडेनवमीला गाडी धुवायची, हार घालायचा, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि त्या दिवशी चाक हलवायचं नाही. जन्मभर पाळलं. आता गाडी म्हणजे ती डिस्क, आणि आठवडा माझा होता. मी डिस्क पाटावर ठेवली, पाण्यात कालवलेली हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल मधल्या भोकात खोचलं. त्यासाठीच भोक ठेवलंय असं वाटण्याइतकं ते बरोबर बसलं. दुसऱ्या दिवशी दसरा. फूल काढलं, डिस्क यंत्रात सरकवली.

यंत्र आतून असं खरडलं, की जणू गिअर न पडता कुणी दांडा दाबावा. मग गप्प झालं. सून धावत आली. डिस्क कशीबशी बाहेर काढली, तर तिच्यावर गोल गोल चरे.

"मामा, कुंकू कुठल्या बाजूला लावलं होतं?"

"दोन्ही. गाडीला पुढनं लावतात तसं मागनंबी लावतात की."

तिनं कपाळाला हात लावला. डिस्क गेली, आणि यंत्रही गेलं. मी आजही सांगतो, कुंकवाचा काही दोष नव्हता. आमच्या घरी कुंकू चांगलं येतं. यंत्रच कच्चं होतं.

चार दिवसांनी जोडीदार आपल्या आठवड्याची गाडी न्यायला आला. मी डिस्क पुसून हातात दिली. त्यानं ती उजेडात धरली.

"ह्ये काय? पिवळं काय लागलंय?"

"पूजा केली."

"आरं मुदक्या!" होटगीकडं म्हाताऱ्याला रागानं असं कानडीत म्हणतात. "माझ्या हिश्श्याची गाडी तू खड्ड्यात घातलीस की!"

"तुझ्या हिश्श्यालाबी हळदकुंकू लावलं हुतं, त्येचं न्हाय काही?"

चहा तसाच टाकून गेला. पुढं तो आला नाही आणि मीही गेलो नाही. गाडी घाटात उलटली असती तरी आम्ही एकमेकांशी बोललो असतो, पण हे जरा जास्तच झालं होतं.

मी म्हटलं, नवीन डिस्क आणू, त्याच्या पुढ्यात टाकू, तोंड बंद होईल. नवी पेठेत गेलो. त्याच दुकानात आता भिंतभर मोबाइलची कव्हरं लटकत होती.

"ट्रकची डिस्क द्या."

"काका, डिस्क आता कोण घेतंय? सगळं डाउनलोड. पेनड्राइव्हवर कॉपी करून देऊ का? स्वस्तात पडेल."

म्हणजे चोरीची. मी जन्मात चोरीचा माल गाडीत भरला नाही. आता गाडीच चोरीची घेऊ? त्याला दोन शब्द सुनावले आणि पायीच घरी आलो, कारण रागात रिक्षावाल्याशीही भांडण झालं.

दरम्यान सुनेनं कामासाठी नवा कॉम्प्युटर आणला होता. मी त्याला पुढून, मागून, खालून चाचपला. डिस्क घालायला फट कुठं नाहीच.

"मामा, बाजारात म्हैस बघताय का?" सून म्हणाली. "नव्याला फट नसते. थांबा, मी डाउनलोडवर घेते. आत्ता सेल चालू आहे, निम्म्या किमतीत मिळतोय."

"माल कुठाय?"

"माल इंटरनेटवरून येतो."

"येतो म्हणजे कुटं ठेवलेला असतो?"

"त्यांच्याकडं. आपल्याला फक्त चालवायचा हक्क मिळतो."

"म्हंजे पैसे आपले आन् गाडी त्यांच्या शेडमधी?"

"तसंच समजा."

मला ते मुळीच पटलं नाही. घेतलेली वस्तू हातात धरता आली पाहिजे, कुणाला दाखवता आली पाहिजे, कंटाळा आला तर विकता आली पाहिजे. सून म्हणाली, विकता येत नाही. उधार देता येत नाही. उद्या ती गेमची कंपनी बसली तर काय, विचारलं, तर ती म्हणाली, "मग बघू." मी म्हटलं, "हे तर आमच्या मालकाचं बोलणं झालं. टायर फुटलं तर काय, इचारलं की त्योबी हेच म्हणायचा."

पण तिनं बटण दाबलं. पहिल्या दिवशी सकाळपासून गाडी येत राहिली, येतच राहिली. हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकायची. घरातल्या कुणाच्या मोबाइलवर काही उघडेना. आमची घरची म्हणाली, "अवो, तुमचा ट्रक वाटेत झोपला का?" पोरानं विचारलं, सगळं नेट कुणी खाल्लं? मी देवघरात जाऊन बसलो.

आता मी हट्टी आहे, पण खोटारडा नाही. गाडी आली ती झकास आली. डिस्कवरच्या गाडीपेक्षा आरसे मोठे, पाऊस पडला की काचेवर पाणी ओघळतं. आठ-पंधरा दिवसांनी बघावं तर नवा रस्ता आपोआप जोडलेला. आमच्या खऱ्या रस्त्यांवर खड्डे आपोआप जोडले जायचे, रस्ता कधी नाही. चरा पडायची भीती नाही. यंत्र बिघडलं तर दुसऱ्या यंत्रावर तीच गाडी पुन्हा उतरवून घेता येते, पुन्हा पैसे नाहीत, असं सून म्हणाली. आणि टोमणा मारल्याशिवाय तिला राहवलं नाही: "शिवाय हिला कुंकू लागत नाही मामा."

सगळं चांगलं. पण शेजारची सीट रिकामी. डिस्क होती तेव्हा निदान आठवड्याला जोडीदार गाडी न्यायला तरी यायचा. मोकळ्या रस्त्यावर मी मोठ्यानं म्हणायचो, "डावीकडं बघ रं," आणि स्वयंपाकघरातून घरची म्हणायची, "काय बघू?" डावीकडून कुणी ओरडणार नसेल तर ट्रक चालवण्यात अर्थ नाही. एकदा वळणावर मी गाडी थेट खांबावर घातली, तर शिवी द्यायलाही कुणी नव्हतं. स्वतःलाच द्यावी लागली, आणि ती तेवढी जमत नाही.

मी सुनेला म्हटलं, "ही गाडी होटगीला पाठव. एक आठवडा त्याची."

"पाठवता येत नाही मामा. माझ्या खात्यावर आहे. शेअर करता येतं, पण फक्त एकाच घरात राहणाऱ्यांना. नियम आहे."

"त्यो घरातलाच हाय."

"होटगीला राहतात ते."

"निम्मं आयुष्य एका ताटात जेवलोय आमी. पोरगा माझ्याबरोबर एवढा ऱ्हायला न्हाय, तेवढा त्यो ऱ्हायलाय. तुझ्या कंपनीला सांग."

"कंपनीला ट्रकची फळी दिसत नाही, मामा. काकांना म्हणावं, स्वतःचा घ्या. स्वस्त आहे."

त्यालाच फोन लाव म्हटलं, पण मी बोलणार नाही. तिनं फोन लावून आवाज मोठा केला. मी पेपर उघडून बसलो. नंतर कळलं, पेपर उलटा होता.

"काका, नमस्कार. मामांचा ट्रकचा गेम आता डाउनलोडवर आलाय. तुम्हीपण एक घ्या ना, मी फोनवरून सांगते कसा घ्यायचा ते."

"दुसरी गाडी घ्यायची? आमची गाडी एक, डायवर दोन. दोन गाड्या असल्यावर जोडी कसली?"

"मग काका, त्यातलीच तुम्हाला देता येत नाही. एकाच घरात राहणारे असले तरच चालतं."

तिकडनं आवाज आला, "मुदका तितंच हाय का? पेपर वाचल्याचं सोंग करतोय?"

मी पेपरचं पान उलटलं.

"एकाच घरात ऱ्हायचं म्हंजे रोज?" त्यानं सुनेला विचारलं.

"असं काही लिहिलेलं नाही."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. त्या 'बरं'चा अर्थ आम्हाला कुणालाच कळला नाही.

पुन्हा खंडेनवमी आली. सकाळी मी हळदकुंकवाची वाटी घेऊन कॉम्प्युटरपुढं उभा, आणि सून दोन्ही हात पसरून मध्ये उभी.

"मामा, याला हात लावायचा नाही."

"मग गाडी दाखव. तिलाच लावतो."

"गाडी बाहेर काढून दाखवता येत नाही, सांगितलं ना."

"बिनपूजेची गाडी मी चालवणार न्हाय."

"नका चालवू."

एवढ्यात दारात आवाज झाला. जोडीदार उभा. खांद्याला वळकटी, हातात पिशवी, पिशवीतून तांब्या डोकावतोय. चपला काढल्या आणि सरळ आत येऊन वळकटी पलंगाखाली सरकवली.

"सूनबाई, मी ऱ्हायला आलोय. एका घरात. आठवड्यातनं दोन दिस येणार. कंपनीला कळवून टाक."

घरचीनं डोक्यावर पदर घेतला आणि हसू लपवलं. सून मला म्हणाली, "मामा, हा नियम मोडला की पाळला?" मी म्हटलं, पाळला. एवढा नियम पाळणारा माणूस त्या कंपनीनं बघितला नसेल.

जोडीदार माझ्या हातातल्या वाटीकडं बघत होता.

"फिरून तेच? एकदा घालवून पोट भरलं न्हाय?"

"मग कुटं लावू? गाडी दिसत न्हाय हिची."

"गाडी दिसत नाही, पण ड्रायव्हर दिसतायत की," सून म्हणाली. तिनं माझ्या हातातली वाटी घेतली. आधी त्याच्या कपाळाला बोट टेकवलं, मग माझ्या. अक्षता टाकल्या. कॉम्प्युटरपासून लांब, परसात, नारळ फोडला. खोबरं आम्ही दोघांनी निम्मं-निम्मं खाल्लं.

मग घरचीनं हाक मारली, "अवो, दळण आणता का गिरणीतनं?"

मी ऐटीत म्हटलं, "आज न्हाय. माझी पूजा झालीय. पूजा झालेल्यानं खंडेनवमीला हलायचं नसतं."

"आन् माझीबी झालीय," जोडीदार पलंगावर पाय ताणून म्हणाला. "आज आमी शेडमधी."

सून दारातून वळली. "अगदी बरोबर. मग आज गेमपण बंद." आणि कॉम्प्युटरचं बटण दाबून गेली.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. नियम आमचाच होता, मोडायचा कसा? त्या काळ्या काचेपुढं दिवसभर दोघं बसून राहिलो. त्यानं आपल्या धोतराच्या सोग्यानं काच पुसली. मी त्याला सांगितलं, डाव्या वळणावर ही ओढत नाही, पण ब्रेक जरा उशिरा लागतो. तो म्हणाला, उद्या पहिली फेरी माझी, मागल्या दसऱ्याचा माझा आठवडा राहिलाय. मी म्हटलं, पाहुण्यानं शेजारी बसायचं.

"पाहुणा? आरं मुदक्या, मी ह्या घरातला हाय. कंपनीचा कागद हाय!"

मी गुमान शेजारच्या सीटवर सरकलो. तेवढ्यासाठी मात्र मी त्या कंपनीला अजून माफ केलेलं नाही.