लांडग्याच्या आठवड्यातला एक तास

गोर्नो ब्रेस्तोवो गावचं पोस्ट बंद पडलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता पत्रं वाटणाऱ्या नेव्यानाचं कसं होणार. बाईला दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय अन्न गोड लागत नसे, आणि हातात पत्र नसताना कुणाच्या दारात उभं राहायचं तरी कसं? पण देव कुणाची खोड वाया जाऊ देत नाही. लोकांच्या कामधंद्याची पाहणी करायला सरकारला माणूस हवं होतं. ज्या चौकशा ती फुकट करायची, त्यांचाच पगार मिळू लागला.

प्रश्न मात्र तिचे नव्हते. गेल्या आठवड्यात पैशासाठी किंवा नफ्यासाठी निदान एक तास तरी काम केलंत का? साऱ्या जगात हे असंच विचारतात, त्यातला शब्द हलवला तर आपला देश इतरांबरोबर एका तराजूत बसत नाही, असं जिल्ह्याच्या साहेबांनी तिला बजावलं होतं. शिवाय ऐकलेलं कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेतलेली. या नोकरीत नेव्यानाला खरा जाच काय तो एवढाच.

पण प्रश्न ठरवणाऱ्यांनी लांडग्यांचा विचार केला नव्हता. नोव्हेंबरात लांडग्यांचे दिवस येतात. बायका लोकरीला शिवत नाहीत, कात्रीचं तोंड लाल दोऱ्यानं बांधून ठेवतात, म्हणजे लांडग्याचंही बांधलेलं राहतं. त्या दिवसांत विणलेलं जो पुरुष अंगात घालेल त्याला लांडगा फाडतो. शास्त्रात असलं काही नाही, असं आमचे पाद्रीबाबा प्रवचनात सांगतात. त्यांच्या घरची कात्रीही बांधलेलीच असते.

गेल्या वर्षी पाहणीचा आठवडा नेमका याच दिवसांत आला. मोजे विणून विकणाऱ्या बायकांचं गाव, आणि घरोघर एकच उत्तर, "काम? या दिवसांत? लांडगा मागे लावतेस की काय?" मग सुट्टीवर होतात का, असं विचारलं तर, "आम्हाला कोण देतंय सुट्टी?" सगळं गाव रिकामटेकडं निघालं. साहेब म्हणाले, "घरी बसून फॉर्म भरलेस तू. पुन्हा असं आलं तर हे गाव दुसरीला देईन."

यंदाही आठवडा तोच आला.

स्तामेना मावशीच्या घरी शेजारीण पेन्का चीज भरलेली बानित्सा खात बसलेली. गावभर बातमी पोचवायला पेन्का एकटी पुरे. भिंतीवर बांधलेली कात्री ऐटीत लटकत होती. नेव्यानानं प्रश्न वाचला.

"एक तास? अगं पोरी, सुईकडे बघितलंसुद्धा नाही," मावशी म्हणाली.

तेवढ्यात पलंगाखालून मांजर निघालं. तोंडात अर्धवट विणलेला मोजा, मागे सुया खणखणत येतायत. मावशीनं शांतपणे मोज्यावर पाय ठेवला. "मागच्या महिन्यातला," ती म्हणाली. पेन्कानं चावणं थांबवलं.

नेव्यानाला पेच पडला. खरं लिहावं तर मावशी नाही म्हणतेय, खोटं लिहावं तर गाव हातचं जातंय. तेवढ्यात तिला नियम आठवला, ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याबद्दल घरातलं दुसरं माणूस सांगू शकतं. मावशी समोर होती, पण उत्तर देता येत नव्हतं, हे काही खोटं नव्हतं.

"मावशी, तुमच्याबद्दल काकांना विचारलं तर?"

मावशी पेन्काच्या बशीत आणखी एक तुकडा वाढत म्हणाली, "विचार की. माझ्या तोंडून काही निघालं नाही म्हणजे झालं."

देल्चोकाका मागच्या अंगणात लाकडं फोडत होता. "रिकामी? ती?" तो कुऱ्हाड टेकवून म्हणाला. "आठवडाभर पडदे ओढून विणतेय. लोकर गुंडाळून गुंडाळून माझी मनगटं गेली."

"आणि तुमचं काय, काका?"

"मी पेन्शनीतला माणूस. मी कसलं काम करतोय?"

काकांबद्दल नेव्यानानं मावशीला फाटकाजवळ गाठून विचारलं. "तो?" मावशी कुजबुजली. "दारूची भट्टी विझत नाही त्याची. निम्म्या दरीला रकिया विकतो."

आपलं पाप सांगायला जीभ जड होते, जोडीदाराचं सांगायला नुसतं कुणी विचारायचा अवकाश. नेव्याना घरोघर तसंच करत गेली. साहेबांचा फोन आला.

"गेल्या वर्षी सगळे रिकामे, यंदा सगळं गाव राबतंय. काय केलंस?"

"गेल्या वर्षी ज्याचं त्याला विचारलं, साहेब. यंदा बायकोचं नवऱ्याला आणि नवऱ्याचं बायकोला."

"नियमात बसतं," साहेब म्हणाले. "गाव तुझंच. फक्त आमच्या गल्लीत येऊ नकोस."

रविवारी चर्चबाहेर स्तामेना मावशीनं नेव्यानाच्या हातात तिच्या नवऱ्यासाठी मोज्यांचा जोड ठेवला. "तुझ्या क्रस्त्योला. मेंढ्यांमागे हिंडतो, पाय गारठत असतील. आधीचे आहेत हो, त्या दिवसांतले नाहीत."

मोज्यावर मांजराच्या दातांच्या खुणा होत्या. नको म्हणावं तर का ते सांगावं लागणार, आणि सांगावं तर शपथ मोडणार. नेव्यानानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि जोड घेतला.

घरी येऊन तिनं नीट विचार केला. लांडगा पुरुषाला फाडतो, गुरांना फाडतो. बायकांबद्दल जुन्या माणसांनी काहीच सांगितलेलं नाही.

तेव्हापासून हिवाळ्यात नेव्याना पाहणीला निघते ती नवऱ्याच्या मापाचे मोजे घालून. टाचा पार पोटरीवर येतात, पण पाय उबदार राहतात.