स्वतःसाठी न केलेली सही

नोकरीत मी पुष्कळांना गजाआड घातलं. त्यातले बहुतेक चेहरे विसरलो, काही मुद्दाम विसरलो. एक माणूस मात्र विसरता आला नाही, आणि त्याची केस तर आजही काल घडल्यासारखी आठवते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी उपनगरातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. घाटकोपरच्या टेकडीवरची वस्ती आमच्या हद्दीत यायची. एका सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच आमचा एक खबरी आला. वस्तीतला एक फिटर म्हणे दर रविवारी खोलीत माणसं जमवतो, पैसे वाटून त्यांचा धर्म बदलतो. लोक खवळलेत, या रविवारी डोकी फुटणार.

धर्माचं नाव निघालं की ठाण्यात सगळ्यांचा चहा थंड होतो. वरिष्ठांनी हुकूम सोडला, ‘आधी त्याला उचला.’

रविवारी मी हवालदाराला घेऊन गेलो. दहा बाय दहाच्या खोलीत माणसं चटईवर बसून गात होती. फिटर मूळचा मालवणकडचा, मरोळच्या एका कारखान्यात कामाला. काही वर्षांपूर्वी तो ख्रिस्ती झाला होता. मला बघून हात जोडून म्हणाला, “साहेब, एवढा गाणा संपू दे, मग येतंय.” संपलं, तसा शर्ट घालून निमूट आमच्याबरोबर निघाला.

पंचांसमक्ष झडती घेतली. वाटायचे पैसे सोडा, महिन्याचं वाणसामानसुद्धा पुरतं नव्हतं. तरी शांतता भंग होईल म्हणून चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई केली. अशा केसमध्ये सहायक आयुक्तच दंडाधिकारी असतात. त्यांनी बाँड मागितला: शांतता राखीन आणि वर्षभर खोलीत प्रार्थनेला माणसं जमवणार नाही. सही केली की घरी. अट्टल गुंडसुद्धा अशा बाँडवर डोळे मिटून सही करतो आणि संध्याकाळी पुन्हा नाक्यावर उभा राहतो.

फिटर मात्र म्हणाला, “शांतता राखीन, ह्या लिवा, सही करतंय. माणसां जमवचंय नाय, ह्या लिवू नका. आयतवारी मी ती जमवतलंय, मग सही खोटी पडतली.”

“अरे, वर्षभर गप्प बस ना. कोण बघतंय?” मी म्हणालो.

तो नुसता हसला. चौकशी पुरी होईपर्यंत त्याची रवानगी कोठडीत झाली.

त्याची बायको डबा घेऊन आली. कारखान्यातून निरोप होता, लवकर हजर झाला नाही तर नाव कापणार. मला वाटलं, आता विरघळेल. ती गजांशी उभी राहून रडली. “घरात दोन पोरी हत. देवाक कळता सगळा. सही करा नि चला.”

“तूच सांग, आयतवारी माणसां दाराक इली तर काय सांगू?”

तिनं डबा गजांतून आत सरकवला. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, “आदी जेवन घ्या.” मी तिथून बाजूला झालो. पोलिसाला सगळंच बघवतं असं नाही.

मला खबरीचा संशय यायला लागला होता. “तुझं वाकडं कुणाशी आहे?” असं फिटरला तऱ्हेतऱ्हेनं विचारलं. उत्तर एकच, “कोणाशी नाय.”

कोडं सोडवलं ते पहाऱ्यावरच्या हवालदारानं. गळ्यात तुळशीची माळ घालणारा तो भाविक माणूस. म्हणाला, “साहेब, हा सकाळी देवाजवळ घरच्यांच्याही आधी एकाचं नाव घेतो. त्याचं भलं कर, त्याला दुसरा धंदा दे, म्हणतो.” ते नाव वस्तीतल्या हातभट्टीवाल्याचं होतं.

खबरीला बोलावून मी ते नाव नुसतं उच्चारलं. चौदावं रत्न दाखवायची वेळच आली नाही, तो घडाघडा बोलला. प्रार्थनेला बसणाऱ्यांनी दारू सोडली, भट्टीचं गिऱ्हाईक तुटलं, म्हणून मालकानं खबरीला फुकट पाजून ही कंडी पिकवली होती.

मी खुशीत फिटरला म्हणालो, “भट्टीवाल्याविरुद्ध जबाब दे. तो आत, तू बाहेर.”

तेव्हा तो पहिल्यांदा तापला. “ता मी देवाक सांगितलंय साहेब, तुमका नाय. ज्या तोंडान त्याचा भला मागितलंय, त्याच तोंडान त्याका जेलात घालू?”

तोवर मी त्याला अरे-तुरे करत होतो. त्यानंतर माझ्या तोंडून ‘अहो’ निघायला लागलं.

खबरीच्या जबाबासह मी अहवाल पाठवला. सहायक आयुक्तांनी फिटरला विचारलं, “सोडलं तर पुन्हा माणसं जमवणार?”

“होय साहेब. आयतवारी.”

साहेबांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि बाँड न घेता केस बंद केली. नोकरी मात्र गेलीच. तो वस्तीत स्टोव्ह दुरुस्त करू लागला.

पुढच्या आठवड्यात आम्ही भट्टीवर धाड घातली. मालकाला जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कोण राहणार? फुकट पिणारे सगळे पसार झाले होते. दुपारी ठाण्याच्या दारात फिटर उभा. हातात रेशनकार्ड.

“जामीन रवाक इलंय.”

मी थक्क झालो. “अहो, स्वतःच्या सुटकेसाठी सही केली नाहीत, आणि याच्यासाठी करता?”

त्यानं जामीनपत्राचा मजकूर मला दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, “ह्यात खोटा काय नाय साहेब. तारखेक मी त्याका घेवन येतलंय.” आणि सावकाश, ठळक अक्षरात सही केली.

प्रत्येक तारखेला तो भट्टीवाल्याला घेऊन आला. कोर्टाच्या बाकावर दोघं शेजारी बसायचे.

माणूस किती खोटं बोलतो, हे नोकरीनं मला रोज शिकवलं. शब्दाला जागणं कशाला म्हणतात, ते या एका केसनं शिकवलं. पुढे कुणीही बाँडवर सही करायला बसला की मी त्याला आधी मजकूर वाचून दाखवायचो आणि विचारायचो, “हे पाळणार आहेस का?” बहुतेक जण माझ्याकडे वेड्यासारखे बघायचे.